खांद्यावर दोन तारे

28 मार्च 1888 रोजी दहा प्रशिक्षित इंग्रज परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. लष्करी दवाखान्यांतल्या शुश्रूषेची घडी बसवायची, हे त्यांचं काम. आजच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा इतिहास तिथूनच सांगतात.

मला हे ठाऊक होण्याचं कारण कविता नव्हे, शेजार. मी बी.ए. झालेला, त्यामुळे मोहल्ल्यात सरकारी कागद आला की तो वाचून घ्यायला माझ्याकडे आणतात. अलीकडे बारावी सायन्सची एक मुलगी आईला घेऊन आली. हातात जाहिरातीचं कात्रण. म्हणाली, "चाचा, यात फी किती ते कळत नाही."

कळेल कसं? हे शिक्षण सरकारी खर्चानं होतं. चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग. सैन्यदलांची अशी सहा कॉलेजं आहेत: पुण्याला ए.एफ.एम.सी., मुंबईत कुलाब्याला अश्विनी, शिवाय दिल्ली, लखनऊ, कोलकाता आणि बंगळूर. अलीकडच्या जाहिरातींत सगळ्या मिळून 220 जागा असतात, त्याही फक्त मुलींसाठी. राहणं-जेवण सरकारी, वर विद्यावेतन. शिकून बाहेर पडलं की लेफ्टनंट म्हणून कमिशन, म्हणजे खांद्यावर दोन तारे. खासगी दवाखान्यांत तुटपुंज्या पगारावर रात्रपाळ्या करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यामुळे कवितेतल्या ताऱ्यांपेक्षा हे तारे मला जास्त मोलाचे वाटतात.

फुकट मात्र काही नसतं. सैन्यात सेवा करीन, असा करारनामा प्रवेशाच्या वेळीच लिहून द्यावा लागतो. मध्येच सोडलं तर पैसे भरा. बदली जम्मूला की जोरहाटला, हेही आपण ठरवायचं नाही.

आईचा प्रश्न वेगळाच होता. "फौजेत गेलेल्या पोरीशी लग्न कोण करील?" मी तिला रुफैदांची गोष्ट सांगितली. खंदकच्या लढाईत, मदिनेत, तंबूत जखमींची सेवा करणाऱ्या या बाईंना आमच्या परंपरेत पहिली परिचारिका मानतात. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे हो, पण लग्नाचं काय?"

तिची शंका अगदीच बिनबुडाची नव्हती. अर्ज करताना मुलगी सहसा अविवाहित लागते. घटस्फोटित, कायद्यानं विभक्त किंवा जबाबदारी नसलेली विधवा चालते. पण नोकरी लागल्यावर? 1977 च्या एका लष्करी आदेशाप्रमाणे लग्न हेच या बायकांना नोकरीतून काढण्याचं एक कारण होतं. लेफ्टनंट सेलिना जॉन यांनी 1988 साली लग्न केलं, तेही एका लष्करी अधिकाऱ्याशी, आणि त्यांना सेवेतून मुक्त करण्यात आलं. नवऱ्याला असला नियम नव्हता. तो आदेश 1995 मध्ये मागे घेतला गेला, पण बाईंचा दावा चालूच होता. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा नियम उघड मनमानीचा आणि स्त्रियांवर अन्याय करणारा ठरवला, आणि 60 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. नोकरी काही परत मिळाली नाही. छत्तीस वर्षं गेली होती मधे.

लग्नाचं कुणी विचारलं की आता मी हा निकाल सांगतो. मुलींना सांगायचं वेगळं असतं. 2022 पासून या प्रवेशासाठी नीट द्यावी लागते, पण नुसत्या नीटनं भागत नाही. सैन्यभरतीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज भरावा लागतो, आणि तो राहून गेला तर वर्ष गेलं. नंतर सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. बायॉलॉजी तोंडपाठ असलेल्या आमच्या मुली इंग्रजीपाशी अडखळतात. तेव्हा आतापासूनच रोज एक पान इंग्रजी मोठ्यानं वाचत जा. ऐकायला कुणी नसेल तर संध्याकाळी मी घरीच असतो.