छत्री घेऊन जुने गोवे

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



मला सांगण्यात आलं की पंधरा मिनिटं बोला आणि विषय प्रवासाचा घ्या. बँकेतल्या माणसाला प्रवास म्हणजे बदली. पस्तीस वर्षांत नऊ बदल्या झाल्या. त्यातली एक पणजीची होती, १९८४ ते १९८७. आज तिच्याबद्दल बोलतो, कारण तिथली एक थकबाकी गेल्या वर्षी जुलैत फेडली आणि तुमच्यापैकी अकरा जण त्याला साक्षीदार आहेत.

पणजीहून जुने गोवे रायबंदरच्या रस्त्याने नऊ-दहा किलोमीटर. डाव्या हाताला मांडवी, आणि सुरुवातीला खाडीतून गेलेला लांबलचक दगडी बांध, जो पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधला आणि ज्याच्यावरून आजही गाड्या जातात. त्या काळी कदंबा बसने अर्ध्या तासात पोचता यायचं. आमच्या सौ. दर रविवारी म्हणायच्या, "अहो, एकदा ती मोठी देवळं बघून येऊ." देवळं हा त्यांचाच शब्द. मी पहिल्या हिवाळ्यात म्हणालो, सेंट झेवियरच्या शवदर्शनाची गर्दी आहे. ते दर दहा वर्षांनी असतं, आणि नेमकं १९८४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं होतं. शिवाय डिसेंबरात बँकेचं वार्षिक क्लोजिंग. मार्च-एप्रिलमध्ये म्हणालो, ऊन फार आहे. जूनपासून पाऊस. तीन वर्षांत हे चक्र तीनदा फिरलं आणि आमची बदली सोलापूरला झाली. ट्रकमध्ये सामान भरताना ही काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी मूळचा राहूचा. मुळा-मुठा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला आमचा टापू, म्हणून राहूबेट म्हणतात. ऊस, गुऱ्हाळं, काळी माती. आमच्या दौंड तालुक्यात वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, गोव्यात तीन हजारांच्या आसपास. आमच्याकडे पाऊस आला की चिखलामुळे बैलगाडीसुद्धा रुतते, त्यामुळे पावसात माणसाने घरात बसावं ही माझी ठाम समजूत होती. जांभ्या दगडाच्या मुलखात पाणी निचरून जातं, तासाभरात रस्ता चालण्याजोगा होतो, हे तीन वर्षं तिथे राहूनही माझ्या लक्षात आलं नाही. ऑफिस ते घर एवढंच पाहिलं तर काय लक्षात येणार?

गेल्या वर्षी ज्येष्ठांच्या सहलीचं ठिकाण ठरवताना मी जुने गोवे सुचवलं. जुलै म्हटल्यावर सगळे ओरडले. पण जुलैत हॉटेलं स्वस्त, गर्दी नाही, आणि नोव्हेंबरात पुन्हा शवदर्शन सुरू होणार होतं, तेव्हा तर पाय ठेवायला जागा मिळणार नव्हती. दुसरं कारण मी तेव्हा सांगितलं नाही. सौं.च्या डोळ्यांच्या पडद्याचा विकार वाढत चालला होता. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले होते, आहे ते टिकवायचं. मी मनात हिशेब केला आणि मिनी बसचा ॲडव्हान्स भरला.

आंबोली घाटात ड्रायव्हरला पाच फुटांपुढचं दिसत नव्हतं. बी विंगमधल्या काकूंनी तिथे रामरक्षा म्हणायला सुरुवात केली ती थेट सावंतवाडीला थांबवली.

आता त्या गावाविषयी. अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० मध्ये आदिलशाहीकडून ते घेतलं आणि पुढे ते पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज राज्याची राजधानी होतं. हिंदुस्थानातला पहिला छापखाना इथेच १५५६ मध्ये आला. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि त्याने मराठीत क्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. त्याच गावात १५६० पासून इन्क्विझिशनचा छळही चालला, तो १८१२ पर्यंत. या दोन्ही गोष्टी एकाच नदीकाठच्या. मग साथीचे रोग आले, लोक मरू लागले, पळू लागले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीला बिऱ्हाड हलवलं आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. घरांचे दगडसुद्धा लोकांनी उचलून नेले. उरली फक्त चर्चं आणि माड. १९८६ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवलं, म्हणजे मी दहा किलोमीटरवर बसून लेजर तपासत होतो तेव्हा!

बरोक हा शब्द तुम्ही गाइडच्या तोंडून ऐकाल. पोर्तुगीज भाषेत ओबडधोबड मोत्याला जो शब्द आहे त्यावरून तो आला असं मानतात. इटलीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही शैली सुरू झाली. माणसाने आत पाऊल टाकताच दिपून जावं, हा तिचा उद्देश. पिळदार खांब, सोन्याचा मुलामा, देवदूत, ढग, किरणं. आपल्याकडे लग्नात मखर सजवणाऱ्याला मोकळं सोडलं तर तो काय करील, तसं. मात्र करणारे हात अव्वल कारागिरांचे.

आम्ही पोचलो तेव्हा धो धो पाऊस. समोर बॉम जेझस बासिलिका. १५९४ मध्ये काम सुरू झालं, १६०५ मध्ये पुरं झालं. बाहेरून लाल जांभा उघडा. पूर्वी त्याच्यावर चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढला आणि तेव्हापासून दगड पाणी पितो. गिलावा पुन्हा करावा की नाही यावर आजही वाद चालू आहे. आपल्या ए विंगच्या गळतीवर सात वर्षं वाद चालला, तेव्हा मला त्यात काही नवल वाटलं नाही. दर्शनी भागावरचं कोरीव काम मात्र काळ्या दगडात आहे, आणि तो दगड वसईहून आणला असं सांगतात.

सौ. भिंतीपाशी थांबल्या. छत्री माझ्या हातात दिली आणि दोन्ही तळवे ओल्या जांभ्यावर ठेवले. म्हणाल्या, "हा चुलीसारखा आहे. खडबडीत आणि ऊबदार." मी हात लावला तर मला गार लागला. मी तसं बोललो नाही.

आत गेल्यावर मोठी वेदी, जमिनीपासून छतापर्यंत सोनेरी. त्या सरळ बघत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. मग मान वळवून, जरा तिरक्या नजरेने बघितलं आणि म्हणाल्या, "हं. आता सोनं दिसलं." मग त्या सगळं चर्च तशाच बघत फिरल्या, कोंबडी बघते तशी मान करून. हे त्यांचंच वर्णन, माझं नव्हे. मी शेजारी उभा राहून मधलं सांगत होतो : खाली बाळ येशू, वर इग्नेशियस लॉयोला, त्याच्या वर किरणांचं चक्र. बाजूला सेंट झेवियरची समाधी, तिचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोजिनीने केलेला, आणि वरची चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवलेली. चांदीची पेटी मला जास्त आवडली.

संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये पलीकडचं जुवें बेट घेतलं, तेव्हा व्हाइसरॉयने घाबरून याच शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला आणि शहर संताच्या हवाली केलं, असं सांगतात. आमच्या मंडळींना हा भाग फार आवडला. गाइडला दोनदा सांगायला लावला.

से कॅथेड्रल रस्त्यापलीकडे. त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये पडला, तो पुन्हा बांधलाच नाही. सेंट कॅजेतानचा घुमट रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर. आणि टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा उरलेला मनोरा, सेहेचाळीस मीटर उंच, भोवती नुसते शेवाळलेले चौथरे. तिथल्या उत्खननात जॉर्जियाच्या राणी केतेवानच्या अस्थी सापडल्या, डीएनएवरून ओळख पटली, आणि २०२१ मध्ये त्यातला भाग आपल्या सरकारने जॉर्जियाला दिला. पावसात ही जागा सगळ्यात सुंदर दिसते, पण दगड निसरडे आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी खालीच थांबावं, मी थांबलो.

शेवटी व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरलो. पलीकडे दिवाडी बेट, पायी जाणाऱ्याला फेरीबोट फुकट. तिथलं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, देव नार्व्याला नेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. मांडवी तांबडी झाली होती. सौ. कठड्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या राहूसारखंच आहे की हे. बेट, पूर आणि चिखल. फक्त गुळाचा वास नाही." मग थोड्या वेळाने, "चौऱ्याऐंशी सालीही पाऊस एवढाच होता ना हो?"

मी "हो" म्हणालो.

नार्व्याचं देऊळ त्या फेरीत राहिलं. येत्या मे महिन्यात पुन्हा जायचं ठरलंय, उन्हातलं गाव बघायला. सकाळी लवकर निघू, दुपारी चर्चच्या आत बसू, तिथे गार असतं. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे आणा. बसमध्ये सोळा जागा आहेत, दोन आमच्या. बाकीच्या चौदांसाठी नावं सेक्रेटरी साहेबांकडे महिनाअखेरपर्यंत द्या.