व्होल्टेज कमी, हप्ता तेवढाच

(ग्रामसंघाच्या सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी मागितलं म्हणून इथे देत आहोत.)



विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे नुसतं 'वीज' लिहिलंय. ते बघून दोघीतिघी म्हणाल्या, "अगं, हा वायरमनचा विषय, आपल्या सभेत कशाला?" कशाला ते सांगते. परतफेड का थांबली असं गटागटांत विचारलं, की आजारपण येतं, लग्नकार्य येतं, आणि उन्हाळ्यात आणखी एक कारण येतं: "मोटर जळाली." आपल्याच एका गटाने कर्ज काढून पिठाची गिरणी आणि मसाला कांडप यंत्र घेतलं. ऐन मसाल्याच्या दिवसांत मोटर दोनदा जळाली. रिवाइंडिंगचा खर्च झाला, गिऱ्हाईक दुसऱ्या गावाला गेलं. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला आला. व्होल्टेज कमी होतं म्हणून बँक हप्ता कमी करत नाही.

म्हणून आज एकच गोष्ट नीट समजून घेऊ. लाईट जाणं वेगळं आणि लाईट मंद येणं वेगळं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून इलाजही वेगळे आहेत.

आधी लाईट जाते ते बघू. सगळ्या देशाच्या वीज केंद्रांना आणि मोठ्या लाईनींना जोडणारं जाळं म्हणजे ग्रिड. तिथे जेवढी वीज तयार होते तेवढीच त्या क्षणी वापरली गेली पाहिजे. वापर वाढला आणि वीज कमी पडली की फ्रिक्वेन्सी ५० च्या खाली घसरायला लागते. मग ग्रिड वाचवायला कुठेतरी वीज बंद करावी लागते. तेच लोडशेडिंग. ताण हाताबाहेर गेला तर काय होतं ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला दिसलं. पहिल्या दिवशी उत्तर भारताची ग्रिड पडली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही भागांची पडली. साधारण ६० कोटी लोक राहतात त्या भागातली वीज गेली. आपण पश्चिम ग्रिडमध्ये, म्हणून वाचलो. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड बाकी देशाला जोडली गेली. म्हणजे देशाची ग्रिड एक झाली ती आपल्या सोलापूर जिल्ह्यात येऊन.

आता बघा, एवढ्या मोठ्या तारा आपल्या जिल्ह्यात आहेत, मग आपली गिरणी का रडते? कारण लाईट चालू असून मंद येते, तेव्हा दोष बहुतेक वेळा त्या मोठ्या टॉवरमध्ये नसतो. तो आपल्या डीपीपासून आपल्या मीटरपर्यंतच्या टप्प्यात असतो.

डीपीवर आकडा लिहिलेला असतो, ६३ केव्हीए, १०० केव्हीए असा. ढोबळ हिशोब करायचा तर एक एचपीच्या मोटरीला एक केव्हीए धरा. म्हणजे १०० च्या डीपीवर पाच एचपीचे वीस पंप चालले की डीपी भरला. त्यावर घरं, गिरणी, कडबाकुट्टी, फ्रीज आले की व्होल्टेज बसतं. त्यात पंपांना ऑटोस्विच लावलेले. लाईट आली रे आली की सगळे पंप एकदम उठतात. चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. वस्तीवर, मळ्यात राहणाऱ्या आपल्या बायकांची घरं तर बऱ्याचदा शेतीच्याच लाईनवर असतात, आणि तीही शेवटच्या खांबावर. तार जेवढी लांब आणि बारीक, तेवढं व्होल्टेज वाटेत गळतं.

बल्बला व्होल्टेज कमी पडलं तर तो मंद होतो, एवढंच. मोटरचं तसं नसतं. व्होल्टेज २० टक्क्यांनी घटलं की मोटरची ताकद ३६ टक्क्यांच्या आसपास घटते. बैल उपाशी आणि ओझं तेवढंच, असं होतं. मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि आतली तार जळते.

मग आपण काय करायचं? पाच कामं सांगते.

पहिलं, वही. घरगुती लाईन २३० व्होल्टची असते आणि नियमाप्रमाणे ती ६ टक्क्यांपेक्षा जास्त खालीवर व्हायला नको. म्हणजे २१६ च्या खाली गेली तर तक्रारीला जागा आहे. व्होल्टमीटर बोर्डावर बसवून घ्या आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी आकडा लिहा. पंधरा दिवस लिहा. पंचसूत्रीतली हिशोबाची वही ज्या बायका चोख ठेवतात, त्यांना हे अवघड नाही. "लाईट बारीक येते" हे कोणी ऐकत नाही. "१५ दिवसांत रोज संध्याकाळी १७५" हे ऐकावं लागतं.

दुसरं, आपलं घर आधी साफ. हे बोललेलं काहींना आवडणार नाही, पण आकडा टाकणारी घरं आपल्याच गटांत आहेत. घरगुती मीटरवर गिरणी चालवणारेही आहेत. कायद्याने तो गुन्हा किंवा दंड आहेच, पण त्याहून मोठं नुकसान ऐका. आकड्यावरचा भार कंपनीच्या कागदावर येत नाही. मग कागदावर डीपी पुरेसा दिसतो, आणि मोठा डीपी मागायला गेलं की तुमचा भारच तेवढा नाही असं उत्तर मिळतं. बिलावर 'मंजूर भार' असतो तो वाचा, आणि धंद्याला धंद्याचं कनेक्शन घ्या.

तिसरं, वेळा. पंप चालू असतात त्या वेळी दळण टाळा. गिरणीवर दळणाच्या वेळेची पाटी लावा. घरच्या माणसांशी बोलून ऑटोस्विच काढायला आणि पंपाला कॅपॅसिटर लावायला सांगा. कॅपॅसिटरने लाईनवरचा भार हलका होतो.

चौथं, जपणूक. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटर वाचवायला असतो. तो सारखा ट्रिप होतो म्हणून बांधून ठेवू नका. आणि डीपीवरचा फ्यूज काठीने बसवायला घरातल्या कोणालाही जाऊ देऊ नका. दळण उद्या होईल, माणूस परत येणार नाही.

पाचवं, अर्ज. वहीची झेरॉक्स, ग्राहक क्रमांक, डीपीचा नंबर आणि त्या डीपीवरच्या सगळ्यांच्या सह्या एकत्र करा. मीटर मालकांच्या नावावर असेल तर त्यांची सही घ्या, पण अर्ज घेऊन तुम्ही जा. वीज कंपनीच्या कार्यालयात दिला की पोच घ्यायची, शिक्क्यासह. १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांकही वहीत लिहा. ग्रामसभेत ठराव मांडा. तरी काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. ही सोय २००३ च्या वीज कायद्यानेच करून दिलीय, कोणाची मेहेरबानी नाही.

एकटी बाई गेली तर "साहेब बाहेर गेलेत" हे ऐकून परत येते. एका डीपीवरच्या वीस जणी वही घेऊन गेल्या तर बसायला खुर्ची मिळते. गटाने बँकेत हे आपण करून दाखवलंय.

पुढच्या सभेला प्रत्येक गटाने दोन गोष्टी आणायच्या: आपल्या डीपीचा नंबर आणि पंधरा दिवसांचे आकडे. एका डीपीवरचे गट एकत्र बसवू आणि अर्ज तिथेच लिहू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आकडा नातवंडांकडून लिहून घ्या, पण आणा.