सागवानी खिडकी मोडीत काढण्यापूर्वी

शीळफाट्याला मुंब्रा, पनवेल आणि कल्याण या तिन्ही बाजूंचे रस्ते भेटतात. आसपास भंगाराची गोदामे पुष्कळ. ठाण्या-कल्याणाकडचे एखादे जुने घर पाडले की त्याच्या खिडक्या बहुधा अशाच गोदामाची वाट धरतात. आपल्या घरी अशी खिडकी असेल, तर ती तिकडे धाडण्यापूर्वी माझे चार शब्द ऐकावेत.

सातवा एडवर्ड १९०१ ते १९१० या काळात इंग्लंडच्या गादीवर होता. तेव्हाच्या तिकडच्या घरांना वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या असत. चौकटीच्या पोटात दोरी, कप्पी आणि लोखंडी वजन. आपल्याकडे लोकांनी पसंत केली ती झडपांची झिलमिली खिडकी, आणि बरेच झाले! कोकणच्या पावसात लाकूड फुगते. ती सरकती खिडकी जूनमध्ये अडकली असती ती दिवाळीपर्यंत हलायची नाही.

झिलमिलीची युक्ती साधी आहे. आडव्या पट्ट्या एका उभ्या काठीला जोडलेल्या; काठी ओढली की साऱ्या एकदम तिरप्या होतात. पाऊस बाहेर, वारा आत. वरच्या झरोक्यातून तापलेली हवा निघून जाते. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीला रंग नको, वाळवीचे भय नाही, हे मान्य. पण दोन पल्ल्यांची ती खिडकी उघडते अर्धीच, आणि पाऊस आला की तीही लोटून घ्यावी लागते.

सागवानी खिडकी कुजते ती बहुधा खालून, जिथे पाणी साचते तिथे. म्हणून सगळी फेकायचे कारण नाही. कुजलेला भाग कापून तिथे नवे सागवान सांधता येते. जुनी चौकट खाचेत कुसू बसवून, लाकडी खुंट्या मारून केलेली असेल, तर सुतार ती सुटी करतो. मोडलेली पट्टी एकटी बदलता येते. पुष्कळदा तर पट्ट्या मोडलेल्याच नसतात, रंगाच्या थरांनी चिकटलेल्या असतात! मात्र जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. रंग ओला करून खरवडावा, पोराबाळांना दूर ठेवावे. काचेभोवतीची लांबी खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून करतात.

घरच पाडायचे ठरले असेल, तर बांधकामवाल्याशी होणाऱ्या करारात खिडक्यांचा उल्लेख करून घ्या आणि पाडकामाआधी सुताराकडून त्या चौकटीसकट सोडवा. पहार बसली की चौकट नेमकी सांध्यात चिरते. मग तिचे सरपणच होते.