सेल्फ गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

आम्ही पावण्याहून बोलतोय. एमआयडीसीतल्या कामगारांना आमचा गट दुपारचे डबे पुरवतो हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. पण आज विषय डब्याचा नाही, डबे नेणाऱ्या गाडीचा आहे. त्यातही एकाच भागाचा, तो म्हणजे सेल्फ, कागदोपत्री ज्याला स्टार्टर मोटर म्हणतात.

बचत गटांकडे आता गाड्या आल्या आहेत. कुणाची पिठाची गिरणी आणि टेम्पो, कुणाची भाजीची व्हॅन. गाडी घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, पण दुरुस्तीच्या वेळी गॅरेजवाला जो आकडा सांगेल तो देऊन मोकळ्या होतो. आमची व्हॅन या पावसाळ्यात चावी फिरवल्यावर नुसती ‘टक्’ करून गप्प बसायला लागली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, “ताई, सेल्फ गेला. नवाच टाकावा लागेल. मजुरीसकट ६,८०० होतील.” पक्कं बिल हवं असेल तर वर आणखी.

आम्ही १२ जणी महिन्याला प्रत्येकी २०० रुपये बचत टाकतो, म्हणजे महिन्याचे २,४००. ६,८०० म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांची बचत. त्यात गाडीचा बँकेचा हप्ता चालूच. बैठकीत एकीने साधा प्रश्न विचारला, “मिक्सर बंद पडला तर आपण मिक्सर बदलतो का? कार्बन बदलतो. मग याचं काय?”

प्रश्न अगदी बरोबर होता. सेल्फ ही बॅटरीवर चालणारी मोटरच असते. चावी फिरवली की आधी तिच्यावरचा स्विच काम करतो. तो एक छोटं दातेरी चाक पुढे ढकलतो, ते इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकतं, मोटर फिरते आणि इंजिन चालू होतं. पूर्वी हे काम हाताने, लोखंडी हँडल मारून करावं लागे. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेचा सेल्फ बसवला, आणि अंगात पैलवानाचं बळ नसलेल्या माणसालाही एकट्याने गाडी चालू करता येऊ लागली. बायकांच्या हाती स्टिअरिंग येण्यात या मोटरचा वाटा मोठा आहे, तेवढा मान तिला द्यायला हवा.

या मोटरमध्ये झिजतात ते मुख्यतः कार्बन आणि बुश. स्विचचे आतले संपर्क जळतात. कधी दातेरी चाकाचे दाते जातात. हे भाग बहुतेक गाड्यांसाठी सुटे मिळतात. आर्मेचर जळलं, म्हणजे आतली तांब्याची गुंडाळीच गेली, तर मात्र नवीन घेणं बरं.

आम्ही गाडीला धक्का मारून ती तुर्भ्याकडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे नेली. त्यांनी सेल्फला हातही लावण्याआधी बॅटरी तपासली. इंजिन बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीला साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवलं पाहिजे. मग बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी पूड साफ केली. तरीही ‘टक्’च. तेव्हा कुठे सेल्फ खाली काढला आणि आमच्यासमोर खोलला. कार्बन झिजून नखाएवढे उरले होते आणि स्विच जळला होता. कार्बन-बुशचे ३५०, स्विचचे ७००, काढण्या-बसवण्याची मजुरी ६००. एकूण १,६५०. दुपारी दोनला डबे पोचवून गेलो, पाचला गाडी परत.

पण सगळ्यांना एवढ्यातच भागेल असं नाही. काही गाड्यांत सेल्फ अशा कोपऱ्यात असतो की चार भाग काढल्याशिवाय हातच पोचत नाही, तिथे मजुरीच जास्त लागते. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणाऱ्या नव्या गाड्यांचा सेल्फ आणि बॅटरी दोन्ही महाग. आणि गाडी खोळंबल्याचा खर्चही धरा. आमचे ६० डबे, डब्याला ७० रुपये, म्हणजे एक दुपार हुकली तर ४,२०० रुपयांची विक्री जाते. दुरुस्त केलेला सेल्फ महिन्याभरात पुन्हा बसणार असेल तर नवाच स्वस्त. म्हणून काकांना आम्ही आधी विचारलं, “किती महिन्यांची हमी?” त्यांनी पावतीवर सहा महिने लिहून दिले.

डबेवाल्या गाडीचा सेल्फ लवकर का झिजतो, तेही कळलं. घरची गाडी दिवसाला चार-पाच वेळा चालू होते. आमची प्रत्येक गेटवर बंद, पुन्हा चालू, शिवाय सीएनजी पंपावर. पंचवीस वेळा तरी होत असेल.

घरी एक तपासणी करता येते. हेडलाइट लावा आणि चावी फिरवा. दिवे एकदम मंद झाले तर आधी बॅटरीकडे बघा. दिवे लख्ख राहिले आणि नुसतं ‘टक्’ झालं तर संशय सेल्फवर. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये थांबा, नाहीतर मोटर तापते. आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारूच नका. इंजिनात पाणी गेलेलं असलं तर हजाराचं काम लाखावर जातं. साध्या विम्यात झीज किंवा बिघाडाचा खर्च मिळत नाही, त्या भरवशावर राहू नका.

आता बिलाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. जुना दर सांगून कुणी आकडा फुगवला तर विचारा. नोंदणी नसलेल्या छोट्या कारागिराला जीएसटी लावताच येत नाही, त्याची तारीख-सहीची साधी पावती आपल्या रोजकीर्दीला पुरते. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. काढलेला जुना भागही मागून घ्या. आमचे झिजलेले कार्बन पावतीसोबत पाकिटात घालून व्हाउचर फाइलला लावले आहेत. लेखापरीक्षणाला आलेल्या बाई ते बघून हसल्या, पण खर्चाबद्दल दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही.