प्रश्नातच दडलेला नकार

कविता लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. लोक काय म्हणतात यापेक्षा ते कोणते शब्द वापरतात, याकडेच त्याचे कान लागलेले असतात. धंद्यासाठी पैसा मागायला गेलेल्या बाईला काय विचारले जाते, ते मी असेच ऐकत आलो आहे.

आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला लग्नाचे कपडे शिवतात. हाताखाली चार मुली आहेत. आणखी दोन मशिनी घ्याव्यात म्हणून त्या कर्ज मागायला गेल्या. साहेबांचा पहिला प्रश्न, ‘मिस्टर काय करतात?’ दुसरा, ‘हप्ता थकला तर कोण भरणार?’ ईदेच्या आधी किती कपडे जातात, किती गिऱ्हाइके परत पाठवावी लागतात, हे कुणी विचारलेच नाही. खालांची हिशेबाची वही पिशवीतच राहिली.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. न्यूयॉर्कला नवे उद्योजक गुंतवणूकदारांपुढे आपला धंदा मांडतात. अशा एका स्पर्धेच्या २०१० ते २०१६ या वर्षांतल्या चित्रफिती डाना कान्झे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. पुरुषांना विचारलेले ६७ टक्के प्रश्न वाढीचे होते: गिऱ्हाइके कशी मिळवाल, पुढचा बेत काय? स्त्रियांना विचारलेले ६६ टक्के प्रश्न धोक्याचे होते: आहेत ती गिऱ्हाइके टिकतील का, खर्च भरून निघायला किती दिवस लागतील? ज्यांच्या वाट्याला मुख्यतः वाढीचे प्रश्न आले, त्यांनी सरासरी सुमारे सातपट भांडवल उभे केले. प्रश्न विचारणाऱ्यांत स्त्रियाही होत्या, आणि त्यांची तऱ्हाही वेगळी नव्हती!

मंडळी, खरी मेख इथेच आहे. ‘तू बाई आहेस म्हणून देत नाही’ असे कुणी म्हणत नाही. म्हटले असते तर भांडता तरी आले असते. धोक्याचा प्रश्न आला की माणूस बचावाचे उत्तर देतो, आणि बचाव करणाऱ्यावर पैसा कोण लावणार?

मग उपाय काय? सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी तो दाखवला आहे. चेतना सिन्हा यांच्यासोबत त्या स्वतःची बँक काढायला निघाल्या. अंगठा उठवणाऱ्या बायका बँक कशी चालवणार, म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. बायका लिहा-वाचायला शिकू लागल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, वाचता येत नसेल, हिशेब येतो. कोणतीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या साहेबांनीही कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवावे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्यांनी विचारलेल्या प्रश्नापुढे मान खाली घातली नाही. प्रश्नच बदलून टाकला.

कान्झे यांनाही हेच आढळले. धोक्याच्या प्रश्नाला वाढीचे उत्तर देणाऱ्यांना अधिक पैसा मिळाला. पण दर वेळी हुशारी मागणाऱ्या बाईनेच का दाखवावी? पतसंस्थेत, बँकेत, कर्ज समितीवर आणि घरातल्या तिजोरीजवळ बसणाऱ्यांनी एवढेच करावे. धोक्याबद्दल जरूर विचारावे, पण मुलाला आणि मुलीला सारखेच विचारावे. आणि त्याआधी म्हणावे, ‘बाई, वही काढा. धंदा किती वाढेल ते सांगा.’