गोठ्यातलं जनावर देवाघरी जातं का?



घरची शेळी किंवा गाय दगावली, की पोरं विचारतात, "आई, ती देवाघरी गेली का गं?" आम्हा ख्रिस्ती घरांतल्या बायकांनाही हा प्रश्न चुकत नाही. कुणी म्हणतं, "जनावराला कसला आलाय स्वर्ग?" पोर हिरमुसतं. आपणही पदरानं डोळे पुसतो आणि कामाला लागतो. म्हणून आज याबद्दल बोलू या.

बायबलात याचं सरळ हो किंवा नाही असं उत्तर नाही. उपदेशक नावाच्या पुस्तकात तर उलटा प्रश्नच आहे, की माणसाचा प्राण वर जातो आणि पशूचा खाली, हे कुणी पाहिलंय?

तेराव्या शतकातले मोठे धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी सांगितलं, की जनावरालाही जीव असतो, पण विचार करणारा आत्मा फक्त माणसाला. म्हणून जनावराचा जीव देहाबरोबरच संपतो. पुढे बराच काळ चर्चमध्ये हेच शिकवलं गेलं.

पण सगळ्यांना ते पटलं नाही. अठराव्या शतकात इंग्लंडात जॉन वेस्ली घोड्यावरून गावोगाव फिरून प्रवचनं करत. मेथडिस्ट पंथ त्यांच्यापासून सुरू झाला. सगळी सृष्टी एक दिवस बंधनातून सुटेल, असं पौलानं रोमकरांस पत्रात लिहिलंय. त्याच्याच आधारे वेस्ली म्हणाले, की मुक्या जीवांनी पाप केलेलं नाही, माणसामुळे त्यांना सोसावं लागतं. तेव्हा देव त्यांनाही सुखाचे दिवस दाखवील. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनीही आपल्या 'लाउदातो सी' या पत्रात लिहिलं, की त्या अनंत जीवनात प्रत्येक प्राण्याला जागा असेल.

मग पोराला काय सांगायचं? येशूनं चिमण्यांचा दाखला दिलाय. दोन पैशांना पाच मिळणाऱ्या चिमण्या, पण देवाला त्यातल्या एकीचाही विसर पडत नाही. आम्ही पोरांना एवढंच सांगतो, "देव तिला विसरलेला नाही." यात खोटी आशा नाही, आणि पोराचं मनही मोडत नाही.

आणि बायांनो, जनावरासाठी रडू आलं तर लाजू नका. आपल्या हातचा चारा खाऊन ते वाढलं, त्याच्या दुधावर पोरांच्या वह्या आल्या.

नीतिसूत्रांत म्हटलंय, की नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो. मेल्यानंतरचं देवाच्या हाती. पण वेळेवर पाणी, वेळेवर लस, लंगडणाऱ्या बैलाला विसावा, हे आज आपल्या हाती आहे.

तुमच्या घरी पोरांना काय सांगता? गटाच्या बैठकीत जरूर बोला.