बादलीच्या मोहानं रंग घेऊ नका
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



दिवाळी जवळ आली. कर्जाच्या मागणीत या महिन्यात घराच्या रंगाचं कारण बरंच दिसतंय, म्हणून दोन शब्द बोलते.

आधी माझीच चूक सांगते. मागच्या दिवाळीला एका खोलीसाठी मी 20 लिटरचा रंग आणला. का? तर झाकणाची मोठी बादली मिळते! आपल्याकडं उन्हाळ्यात टँकर आला की अशी बादली सोन्यासारखी वाटते. पण निम्म्याहून जास्त रंग उरला अन् नासला. कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण फेडला.

म्हणून आधी भिंत मोजा, मग डबा निवडा. खोली 10 बाय 12 ची, उंची 10 फूट. चारी भिंती मिळून 44 फूट, गुणिले 10, म्हणजे 440 चौरस फूट. दार-खिडकीचे 40 सोडा, राहिले 400. इमल्शन रंगाचे दोन हात द्यायचे तर लिटरमागं साधारण 50 चौरस फूट धरा. म्हणजे 8 लिटर. 4 लिटरचे दोन डबे पुरतात. गिलावा खरबरीत असला तर थोडा जास्त लागतो.

मोठी बादली लिटरमागं बहुतेक वेळा स्वस्त पडते, हे खरं. मग तिघींनी मिळून घ्या. तीन खोल्यांना 24 लिटर, म्हणजे 20 ची एक बादली अन् 4 चा एक डबा. एकच पांढरा रंग घ्या. तळापासून चांगला ढवळून वाटून घ्या, मग जिनं तिनं आपली रंगछटा मिसळावी. एका खोलीचा रंग मात्र एकदमच कालवा, नाहीतर भिंतीवर पट्टे दिसतात.

आता रोलर. भिंतीला 9 इंची, कोपऱ्याला 2 इंची ब्रश. भिंत गुळगुळीत तर आखूड केसांचा रोलर, खरबरीत तर लांब केसांचा. दांड्याला काठी बसेल असाच घ्या, म्हणजे स्टुलावर चढायला नको. रोलर रंगात बुडवून ठेवू नका. ट्रेच्या उतारावर फिरवून जादा रंग निथळू द्या. काम झालं की लगेच पाण्यानं धुवा, पुढच्या घरी कामाला येतो. हे सामान गटानं एकदाच घ्यावं अन् आळीपाळीनं वापरावं. मातीच्या भिंतीला मात्र चुनाच बरा, तिथं ओल कोंडत नाही. चुन्याला कुंचाच घ्या, अन् डोळे सांभाळा.

शेवटचं, अन् सगळ्यात महत्त्वाचं. रिकाम्या बादलीत पिण्याचं पाणी, पीठ, धान्य भरू नका. कितीही घासली तरी रंगातली औषधं प्लास्टिकात मुरलेली असतात. मीही आधी भरत होते, आता त्यात शेण-माती कालवते.

पाण्याला पाण्याचीच टाकी घेऊ. त्यासाठी कर्ज मागा, मी पहिली सही करीन.